दिरांनी मला उठवलं

प्रश्न : मी बार्शीजवळच्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गात वर्तमानपत्राचं कात्रण वाचताना ‘आउस्ट’ हे क्रियापद आलं. एका मुलानं विचारलं, “बाई, हा ‘आउट’चाच भाऊ ना?” मी हो म्हटलं आणि पुढे गेले, पण घरी आल्यावर चुटपुट लागली. ‘आउस्ट’ खरंच ‘आउट’वरून आला का? ‘इव्हिक्ट’ आणि ‘एक्स्पेल’ यांच्याहून तो वेगळा कसा? मराठीत त्याला काय म्हणायचं? मी फळ्यावर ‘हकालपट्टी करणे’ लिहिलं, पण माझं मलाच पटलं नाही.
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, ‘आउस्ट’ आणि ‘आउट’ यांचा इंग्रजीत काही संबंध नाही. तरीही त्या मुलाला वर्गात उभं करून शाबासकी द्या. त्याचा प्रश्न इंग्रजीत फसला असला तरी मराठीत फार खोलवर जातो. ते सांगतेच, पण आधी हा शब्द मला कसा भेटला ते सांगायला हवं, कारण तुमच्या फळ्यावरच्या अडचणीचं उत्तर त्यातच आहे.

मी १९८४ साली कोर्टाच्या भाषांतराच्या कामाला लागले. खालच्या कोर्टातल्या मराठी जबान्या, खरेदीखतं, सातबारे, वाटणीपत्रं असं सगळं अपिलाच्या पेपरबुकासाठी इंग्रजीत करायचं, हे आमचं काम. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पहिल्या काही महिन्यांतच पाटण तालुक्यातल्या एका विधवा बाईंचा वाटणीचा दावा माझ्या टेबलावर आला. जबानीत एक वाक्य होतं : “भूकंपाच्या साली दिरांनी मला उठिवलं.”

भूकंप म्हणजे कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारनंतर. मी सहा वर्षांची होते आणि आम्ही कराडला राहायचो. आजीनं मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं होतं. कौलं पडल्याचा आवाज आणि गोठ्यातल्या म्हशीचं हंबरणं मला अजून आठवतं. ‘भूकंप’ आणि ‘उठवलं’ हे दोन शब्द एका ओळीत आल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तीच पहाट उभी राहिली. मी सरळ इंग्रजीत लिहून टाकलं की भूकंपाच्या वेळी दिरांनी मला झोपेतून जागं केलं.

आमच्या वरिष्ठांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. त्यांनी तो कागद वाचला, त्या क्रियापदाभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला आणि एवढंच विचारलं, “पुढचं वाक्य वाचलंत का?”

पुढचं वाक्य होतं : “मी पोरीला काखंला मारून भावाकडं आले.”

मी ते वाचलं होतं, त्याचं भाषांतरही केलं होतं. पण दोन वाक्यं मी एकमेकांना जोडली नव्हती. जागं केलं म्हणून कुणी मुलीला घेऊन माहेरी जात नाही. भूकंपात घर पडलं, दिरांनी त्याच जागेवर नवं बांधलं आणि या बाईंना त्यात घेतलं नाही. ‘उठिवलं’ म्हणजे ते. अण्णांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘आउस्टेड’. माझ्या हातून एका बाईच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख भाषांतरात पुसलं जाणार होतं. चाळीस वर्षं झाली, तरी तो लाल गोल मला विसरता आलेला नाही.

अण्णांनी मग शेजारची खुर्ची ओढून मला पुढचं समजावलं. एकत्र मिळकतीत एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचाच ताबा धरला जातो. शेत दीर कसत असले तरी कायद्याच्या दृष्टीनं ते भावजयीच्या वतीनंही कसतात. नुसती वर्षं सरली म्हणून तिचा हिस्सा बुडत नाही. पण त्यांनी उघडपणे, तिला कळेल अशा रीतीनं ‘तुझा इथे काही हक्क नाही’ म्हणून तिला बाहेर ठेवलं, तर मात्र त्या दिवसापासून घड्याळ चालू होतं आणि १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे ते बारा वर्षं चालतं. हिस्सेदारानं हिस्सेदाराला असं बाहेर ठेवणं म्हणजे ‘आउस्टर’. या बाईंचा दावा १९७७ सालचा होता. १९६७ ते १९७७ म्हणजे दहा वर्षं, अर्थात दावा मुदतीत. दिरांच्या वकिलांनी उलटतपासात पुन्हा पुन्हा वर्ष विचारलं होतं, ते त्याचसाठी. त्या बाईंना सन माहीत नव्हता, पण भूकंप माहीत होता. आणि मी तो भूकंप झोपेशी जोडून बसले होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण गोष्टीच्या ओघात तो आलाच आहे. अण्णांनी ‘इव्हिक्ट’ का लिहिलं नाही? ‘इव्हिक्ट’च्या पोटात लॅटिनचं ‘विन्केरे’ म्हणजे जिंकणं हे क्रियापद आहे. ‘व्हिक्टरी’ आणि ‘कन्व्हिन्स’ही त्याच घरातले. ‘एविन्केरे’ म्हणजे पुरतं जिंकणं, आणि कायद्याच्या भाषेत, न्यायालयात जिंकून मिळकत परत मिळवणं. म्हणून ‘इव्हिक्ट’ म्हटलं की मागे एक मालक दिसतो, एक निकाल दिसतो, दारात बेलिफ उभा दिसतो. आपल्याकडच्या भाडे कायद्यातही घरमालकानं ‘ताबा परत मिळवण्या’ची भाषा आहे. भाडेकरूला इव्हिक्ट करतात. पण त्या बाई भाडेकरू नव्हत्या आणि दीर त्यांचे घरमालक नव्हते.

‘एक्स्पेल’ही बसलं नसतं. लॅटिनमध्ये ‘पेलेरे’ म्हणजे ढकलणं, ‘एक्स’ म्हणजे बाहेर. शाळा विद्यार्थ्याला एक्स्पेल करते, पक्ष सभासदाला करतो. तिथे बाहेर काढणारा हा त्या जागेचा कारभारी असतो आणि जाणारा हा तिथला एक सभासद. ‘इजेक्ट’मध्ये फेकणं आहे, वैमानिकाच्या आसनाला तो शब्द शोभतो.

‘आउस्ट’चं तसं नाही. ज्याला आउस्ट करतात, तो त्या जागेवर बसलेला असतो, ती जागा त्या घडीला त्याचीच असते. दुसरा कुणी येऊन त्याला तिथून उठवतो आणि बहुतेक वेळा स्वतः तिथे बसतो. खुर्ची, गादी, शेत, घर, कंपनीतलं पद, काहीही असो. बसलेला माणूस भला होता की वाईट, याबद्दल हा शब्द काही बोलत नाही. १९७३ साली चिलीत लष्करानं निवडून आलेल्या साल्वादोर अयेंदे यांचं सरकार बळानं घालवलं, तेही आउस्ट. १९८६ साली फिलिपिन्समध्ये लोक लाखोंनी रस्त्यावर आले आणि फर्डिनांड मार्कोसला देश सोडून जावं लागलं, तेही आउस्टच. न्याय-अन्यायाचा निवाडा वाचणाऱ्यानं करायचा. शब्द फक्त एवढं सांगतो की जागा होती, माणूस बसलेला होता आणि कुणीतरी त्याला उठवलं.

आता मूळ. लॅटिनमध्ये ‘ओब’ म्हणजे समोर, आड; ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. ‘ओबस्तारे’ म्हणजे वाटेत आडवं उभं राहणं. इंग्रजीतला ‘ऑब्स्टॅकल’, म्हणजे अडथळा, तिथूनच आला. हेच ‘ओबस्तारे’ जुन्या फ्रेंचमध्ये ‘ओस्तेर’ झालं आणि त्याचा अर्थ झाला काढून घेणं, दूर करणं. तिथून ते इंग्रजीत ‘आउस्ट’ झालं.

आडवं उभं राहण्यापासून काढून घेण्यापर्यंत अर्थ कसा सरकला, असं शब्दकोश वाचताना कुणालाही वाटेल. मला वाटलं नाही, कारण मी तीस वर्षं जमिनीच्या दाव्यांचे कागद वाचले आहेत. ताबा गेल्याची तक्रार आपला शेतकरी कशी लिहितो? ‘प्रतिवादीनं माझं शेत घेतलं’ असं क्वचित लिहितो. तो लिहितो, ‘प्रतिवादी बांधावर आडवा होतो, औत घालू देत नाही, शेतात पाय ठेवू देत नाही.’ एक माणूस बांधावर आडवा उभा राहतो, एवढंच घडलेलं असतं. पेरणी त्याची होते, काढणी त्याची होते आणि चार पावसाळ्यांनी तलाठ्याच्या दप्तरात पीकपाहणीला त्याचं नाव लागतं. जो वाटेत उभा राहिला, त्यानंच काढून घेतलं. लॅटिन आणि फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांचे बांधही आपल्यासारखेच असणार, असं मला त्या शब्दाकडे पाहून वाटतं.

हा शब्द इंग्लंडात पोचला तो नॉर्मन लोकांबरोबर. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला आणि त्यानंतर दरबाराची आणि पुढे कोर्टकचेरीचीही भाषा फ्रेंच झाली. शेतकरी इंग्रजी बोलत होता आणि त्याच्या शेताचा निवाडा फ्रेंचमध्ये चालत होता. १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला की लोकांना फ्रेंच कळत नाही, तेव्हा कोर्टातलं बोलणं इंग्रजीत व्हावं. तरी वकिलांच्या टिपणांत आणि ग्रंथांत ती मोडकी फ्रेंच पुढे कैक पिढ्या टिकली. कोर्टाच्या कागदांतून लॅटिन आणि फ्रेंच दोन्ही हटवणारा कायदा थेट अठराव्या शतकात आला आणि १७३३पासून लागू झाला. तोवर ‘आउस्ट’सारखे शब्द इंग्रजीत इतके मुरले होते की त्यांचं परकेपण कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. अरबीतले, फारसीतले शब्द आपल्या महसुलात जसे राहिले, तसेच. ‘बेदखल’ म्हणताना दखल हा अरबी शब्द आहे आणि ‘बे’ फारसी, हे कुणाच्या मनात येतं?

फ्रान्समध्ये मात्र त्याच शब्दाचं आयुष्य फार सौम्य गेलं. आजच्या फ्रेंचमध्ये तो ‘ओते’ आहे. मधला ‘स’ उच्चारातून गेला आणि त्याची खूण म्हणून ‘ओ’वर एक छोटी टोपी राहिली. डोक्यावरची टोपी काढणं, अंगातला कोट काढणं यासाठी फ्रेंच माणूस ‘ओते’ म्हणतो. पाचातून दोन वजा करायचे तरी तोच शब्द चालतो. इकडे इंग्लंडात कोर्टाच्या पायरीवर वाढलेल्या त्याच्या भावाच्या वाट्याला राजे, वारस आणि सरकारं आली.

आता तुमच्या विद्यार्थ्याचा ‘आउट’. हा शब्द लॅटिनचा नाही, फ्रेंचचाही नाही. तो इंग्रजीचा घरचा शब्द, जुन्या इंग्रजीत ‘ऊट’. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘आउस’. तेव्हा ‘आउस्ट’मधलं ‘आउ’ आणि ‘आउट’मधलं ‘आउ’ कानाला सारखं लागतं एवढंच. दोघांची कुळं वेगळी.

पण या दोन्ही शब्दांच्या मागे आणखी चालत गेलं की दोन्ही वाटा आपल्या अंगणात येतात. ‘आउट’चा संस्कृतमधला सख्खा नातेवाईक आहे ‘उद्’, म्हणजे वर, बाहेर. उद्गम, उद्भव, उत्पन्न या शब्दांतला तो ‘उद्’. आणि ‘आउस्ट’च्या पोटातलं ‘स्तारे’ हे आपल्या ‘स्था’चं नातेवाईक. स्थान, स्थिती, पोलिसाचं ठाणं, कुणाच्या दारात तिष्ठत बसणं, सगळं त्या एका धातूचं. इंग्रजीतलं ‘स्टँड’ही तिथलंच.

आता ‘उद्’ आणि ‘स्था’ जोडा. संस्कृतमध्ये त्याचं ‘उत्था’ होतं. ‘उद्’च्या पुढे ‘स्था’ आला की त्याच्या ‘स’चा लोप होतो, यासाठी पाणिनीनं सूत्रच दिलं आहे. त्यातून ‘उत्थान’ आलं, प्राकृतात ‘उट्ठ’ झालं आणि मराठीत ‘ऊठ’. ‘ऊठ’चं प्रयोजक रूप ‘उठवणं’.

म्हणजे पाहा. इंग्रजीत ‘आउट’ आणि ‘आउस्ट’ कधीच एका घरात राहिले नाहीत. पण ‘आउट’चा भाऊबंद आणि ‘आउस्ट’चा भाऊबंद, दोघं मिळून एकच शब्द झाले तो मराठीत, आणि तो शब्द म्हणजे पाटणच्या त्या बाईंच्या जबानीतला ‘उठिवलं’. त्यांनी उच्चारलेल्या शब्दात दोन्ही होते आणि अण्णांनी समासात जो इंग्रजी शब्द लिहिला, त्यात त्याचाच अर्धा हिस्सा होता. अण्णांना व्युत्पत्ती ठाऊक होती की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला ती कळली तेव्हा ते निवृत्त झाले होते. त्या दिवशी मी दुपारचा डबा न उघडता कोश उघडून बसले होते.

आता तुमचा फळा. ‘हकालपट्टी’ तुम्हाला पटली नाही, ते बरोबरच आहे. हाकलणारा माणूस घरचा असतो आणि ज्याला हाकलायचं तो आगंतुक, दारात आलेल्या गुरासारखा. ‘आउस्ट’मध्ये उलट आहे. ‘बडतर्फ’ म्हणजे फारसीत बाजूला सारलेला. तो नोकरीपुरता राहू द्या. ‘तडीपार’ला पोलिसांचा हुकूम लागतो. ‘उचलबांगडी’ मला आवडते, कारण हातपाय धरून चौघांनी उचलून नेलं, हे तिच्यात दिसतं. मात्र आजकाल वर्तमानपत्रं अधिकाऱ्याच्या साध्या बदलीलाही उचलबांगडी म्हणतात आणि शब्द झिजतो.

‘पायउतार’, ‘पदच्युत’, ‘गच्छंती’ हे शब्द बातम्यांत सर्रास येतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे. ‘पंतप्रधान पायउतार’ असं वाचलं की पंतप्रधान आपणहून पायऱ्या उतरून गेले असं वाटतं. ‘पदच्युत’मध्ये पदावरून घसरणं आहे, ढकललं कुणी, ते नाही. ‘गच्छन्ति’ म्हणजे संस्कृतात ‘ते जातात’. जातात, घालवले जात नाहीत. इंग्रजी मथळ्यात ‘आउस्टेड’ असताना मराठी मथळ्यात ‘पायउतार’ आलं, तर मधल्या मधे करणारा माणूस गळून पडतो. सरकार लष्करानं पाडलं की लोकांनी की स्वतःच्याच पक्षानं, हा प्रश्नच वाचकाच्या मनात उठत नाही. हे मला फार खटकतं. ‘आउस्ट’ला नेहमी करणारा असतो आणि भाषांतरात त्याला हरवू देणं म्हणजे निम्मी बातमी हरवणं.

‘विस्थापित’चंही तेच. तोही ‘स्था’चाच, व्याकरणानं निर्दोष. सरकारी कागदात कोयनेच्या धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं ‘विस्थापित’ असतात. पण त्या खोऱ्यातली म्हातारी माणसं मी बोलताना ऐकली आहेत. ती म्हणतात, “आमचं गाव उठिवलं.” कुणी उठिवलं ते पुढच्या वाक्यात येतंच.

तेव्हा बाई, माझं उत्तर ‘उठवणं’. ‘लष्करानं अध्यक्षांना खुर्चीवरून उठवलं.’ ‘भागीदारांनी त्याला त्याच्याच कंपनीतून उठवलं.’ ‘भावांनी बहिणीला वडिलांच्या घरातून उठवलं.’ तिन्ही ठिकाणी तो चपखल बसतो. आणि मुलांना तो शिकवावा लागणार नाही. पंगतीतून उठवणं म्हणजे काय, हे नववीच्या मुलांना माहीत असतं. पान वाढलेलं आहे, वरणभाताचा पहिला घास हातात आहे आणि कुणी येऊन म्हणतं, ‘ऊठ, ही पंगत तुझी नाही.’ ‘आउस्ट’चा सगळा अर्थ त्या एका प्रसंगात आहे. माणूस बसलेला होता, पान त्याच्यापुढे होतं आणि उठवणाऱ्याचा चेहरा त्याला जन्मभर आठवतो. ‘धंद्यातून उठवलं’, ‘आयुष्यातून उठवलं’ असं आपण म्हणतो ते त्याच चालीवर.

फक्त वाक्यात ‘कशावरून’ किंवा ‘कुठून’ हे लिहायला मुलांना सांगा. ‘अध्यक्षांना उठवलं’ एवढंच लिहिलं, तर कुणीतरी मी केली तीच चूक करेल.

प्रश्न : मी लातूरला विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘ऑफर’ करणारा तो ‘ऑफरर’, ‘टीच’ करणारा तो ‘टीचर’, या न्यायानं ‘आउस्टर’ म्हणजे बाहेर काढणारा माणूस असं मी परीक्षेत लिहिलं आणि गुण गेले. शिवाय ‘दिवाणी न्यायालयाचा अधिकार आउस्ट होतो’ असं वाक्य पुस्तकात वारंवार येतं. न्यायालयाला कोण कसं उठवणार?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : गुण गेले याचं वाईट वाटलं, कारण तुमचा तर्क इंग्रजीच्या नेहमीच्या चालीला धरूनच होता. पण हा ‘अर’ इंग्रजीचा नाही. जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापदाचं मूळ रूप असं संपायचं, आणि कोर्टातल्या लोकांनी ते रूप जसंच्या तसं उचलून नाम म्हणून वापरलं. म्हणून ‘आउस्टर’ म्हणजे उठवण्याची क्रिया, उठवणारा नव्हे. तुमच्या पुस्तकातले ‘वेव्हर’, ‘डिस्क्लेमर’, ‘रिजॉइंडर’ याच घडणीचे आहेत. ‘रिजॉइंडर’ म्हणजे उत्तर देणारा माणूस असं तुम्ही कधी समजला नसाल. इतकंच काय, जेवणाचं ‘डिनर’ आणि ‘सपर’ही असेच आले, ‘डिनर’ म्हणजे जेवणारा नाही.

उत्तरपत्रिकेत ‘आउस्टर’ लिहिताना तीन गोष्टी यायला हव्यात : दुसऱ्याचा हक्क नाकारण्याचा इरादा, तो उघडपणे नाकारणं आणि ते समोरच्याला कळलेलं असणं. सर्वोच्च न्यायालयानं १९५७मध्ये छापून आलेल्या पी. लक्ष्मी रेड्डी विरुद्ध एल. लक्ष्मी रेड्डी या निकालात सहवारसांच्या ताब्याबद्दल हे नीट मांडलं आहे. तो निकाल मुळातून वाचा, फार मोठा नाही. एक भाऊ एकटाच शेत कसतो, एकटाच सारा भरतो, एवढ्यानं आउस्टर होत नाही. गावाकडे किती घरांत हे असंच चालू असतं, ते तुम्ही पाहिलंच असेल : एक भाऊ पुण्याला नोकरीला, दुसरा शेतावर. पुण्याचा भाऊ दिवाळीला येऊन पोतंभर ज्वारी नेतो आणि कुणाच्या मनात किंतु नसतो. ज्या दिवाळीला शेतावरचा भाऊ दारातच म्हणतो, ‘तुझा इथे काही संबंध नाही,’ ती दिवाळी महत्त्वाची. वकील म्हणून तुम्हाला पुढे तीच तारीख शोधायची आहे, आणि पक्षकार ती तारीख म्हणून सांगणार नाही. धाकटीच्या लग्नाच्या वर्षी, विहीर आटली त्या उन्हाळ्यात, असं काहीतरी सांगेल. ते ऐकून घ्या, मधेच ‘सन सांगा, सन’ म्हणून तोडू नका.

राहिला न्यायालयाचा अधिकार. दिवाणी स्वरूपाचे सगळे दावे ऐकण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला मुळातच आहे; दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९ तेच सांगतं. एखादा खास कायदा येतो आणि त्यातला एखादा विषय तिथून उचलून दुसऱ्याकडे देतो. न्यायालय त्या विषयावर आधीपासून बसलेलं होतं, त्याला तिथून दूर केलं, म्हणून ‘आउस्ट’. आपल्याकडचं रोजचं उदाहरण १९४८च्या कूळ कायद्याचं. एखादा इसम कूळ आहे की नाही हा प्रश्न कलम ८५नं दिवाणी न्यायालयाकडून काढून मामलेदाराकडे दिला. दाव्यात मधेच तो मुद्दा निघाला, तर ८५-अ प्रमाणे दावा थांबवून तेवढा मुद्दा तिकडे पाठवायचा आणि उत्तर आलं की दावा पुढे चालवायचा.

इथे मात्र बार्शीच्या बाईंना सुचवलेला शब्द तुम्ही वापरू नका. ‘न्यायालय उठवलं’ चालणार नाही, कारण ‘कोर्ट उठलं’ म्हणजे दिवसाचं काम संपलं, पट्टेवाला दिवे मालवतोय, असाच अर्थ मराठी माणसाला लागतो. अशा वाक्यांत मी नेहमी ‘अधिकार काढून घेतला’ असंच लिहीत आले. पॅरिसमधला माणूस अंगातला कोट काढतो, त्या ‘ओते’चाही अर्थ तोच, काढून घेणं.